पूर्णेत पडलेलं टोपण

आधीच सांगून ठेवते, मी अकोल्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. शेजारच्या वहिनी एकदा माझ्या स्कूटीला लिंबू-मिरची बांधून गेल्या, तर ते लिंबू सोडवून मी पोह्यांवर पिळलं होतं. मिरची तळून खाल्ली. घरचे दोन दिवस माझ्याकडे टकामका पाहत होते, हिला काही होतं का म्हणून. काही झालं नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते तेसुद्धा चुका काढायलाच. आता माझ्या अनुभवातली चूक तुम्ही काढा... मी दोन वर्षं शोधतेय, मला सापडली नाही.

माझं माहेर शेंदूरजनाघाट, वरूडजवळ. घरची संत्र्याची थोडी बाग आणि घरामागे टिनाच्या शेडमध्ये बाबांची खराद, म्हणजे लाकूड गरगर फिरवून पटाशीनं गोल करायचं मशीन. बाबा लाटणी, रव्या, भोवरे, पाळण्याचे खुंट करायचे. म्हातारी झालेली संत्र्याची झाडं लोक उपटतात आणि चुलीत घालतात. बाबा त्यातले सरळ तुकडे निवडून आणायचे, टोकांना मेण लावून दोन-दोन वर्षं सावलीत वाळवायचे आणि मग त्यांचे शाईचे पेन बनवायचे. पिवळसर, घट्ट लाकूड. हातात धरलं की गुळगुळीत, पण प्लास्टिकसारखं निसरडं नाही.

मी बोर्डाच्या परीक्षेचे पेपर तपासायला लागले त्या वर्षी त्यांनी मला एक पेन दिला. टोपण आणि दांडी एकाच तुकड्यातून कापलेली. त्या लाकडात एक काळी गाठ होती, ती बरोब्बर मधोमध कापली गेली — अर्धी टोपणावर, अर्धी दांडीवर. टोपण आट्यांवर पूर्ण फिरवून बसवलं की दोन्ही अर्ध्या गाठी जुळायच्या आणि एक डोळा तयार व्हायचा. "डोया बंद झाला म्हनजे पेन नीट बसला समज," बाबा म्हणायचे.

त्यासोबत सूचनांची ही भलीमोठी यादी. निब धुवायची ती साध्या पाण्यानं, दांडी पाण्यात बुडवायची नाही. स्कूटीच्या डिक्कीत ठेवायचा नाही, अकोल्याच्या उन्हात लाकूड तडकतं. आट्यांना वर्षातून एकदा मेणाचं बोट. आणि चावायचं नाही! पण पेपर तपासताना मला पेन चावायची सवय. सहा महिन्यांत टोपणाच्या वरच्या कडेला माझ्या दाताचा खड्डा पडला. बाबांनी पाहिलं तेव्हा म्हणाले, "उंदीर आहेस का वं तू?"

आता आमच्या घरची एक रीत सांगते, तिच्यावरच सगळं आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावून शेकतात आणि त्यांना म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमची बैलजोडी विकली, ट्रॅक्टर आला, पण बाबांनी खांदशेकणी काही सोडली नाही. त्यांनी लाकडांची सुरू केली. त्या दिवशी सकाळी ते वर्षभराचा भुसा झाडून शेड साफ करायचे. मग घरातली, पोरासुनांची, लेकीची, शेजाऱ्यांची सगळी लाटणी, पोळपाट, रव्या आणि पेन आम्ही त्यांच्यापुढे सतरंजीवर मांडायचो. ते जवसाचं तेल कोमट करून फडक्यानं एकेकाला चोळायचे, जास्तीचं पुसून घ्यायचे आणि ते फडकं दोरीवर पसरून वाळवायचे. गोळा करून टाकलं तर आपोआप पेट घेतं म्हणे. शेवटी त्या लाटण्यांनाच म्हणायचे, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आम्ही हसायचो. पण डॉक्टर पेशंट तपासतो तशी प्रत्येक वस्तू तपासली जायची, आणि तिथे कोणाची धडगत नसायची. माझ्या वहिनीनं एकदा लाटणं साबणाच्या पाण्यात भिजत ठेवलं होतं, तर बाबा दोन दिवस जेवले नाहीत.

तर अशा माणसानं दिलेल्या पेनाचं टोपण मी पूर्णेत पाडलं.

अकोल्याहून दर्यापूरला प्रशिक्षणाला निघाले होते. पावसाळ्याचे दिवस, एसटीत खिडकीची जागा, शेजारी आमच्या शाळेच्या मराठीच्या मॅडम. मी खिडकीवर कोपर टेकवून हजेरीचा फॉर्म भरत होते, टोपण दातात. हो, दातात! पूर्णेच्या पुलावर गाडीनं खड्ड्यात गचका खाल्ला आणि टोपण तोंडातून सुटून खिडकीबाहेर गेलं. पुलाच्या कठड्यावर टक्कन आपटलं आणि खाली. नदीला गढूळ पाणी, दोन्ही काठ भरून. मॅडम ओरडल्या, "गेलं बाई पाण्यात!" मी स्वतःच्या डोळ्यांनी पडताना पाहिलं.

बाबांना सांगायचं धाडस झालं नाही. बेचाळीस वर्षांची बाई मी, शाळेत पोरं मला टरकून असतात, आणि बापाला टोपण हरवल्याचं सांगता येईना. त्या वर्षी खांदशेकणीला गेले आणि म्हणाले, पेन घरीच राहिला. बाबा एवढंच म्हणाले, "इसरली त इसरली. पुढच्या खेपेले आनजो."

पुढच्या वर्षी मी गेलेच नाही. सकाळीच बाबांचा फोन आला. मी सांगितलं, शाळेत कार्यक्रम आहे. कसला कार्यक्रम नव्हता की काही नव्हतं. ते म्हणाले, "ये तू. पेन नाई आनला तरी ये."

मी म्हणाले, "पाहते."

त्या हिवाळ्यात बाबा गेले. दुपारी जेवून शेडमध्ये खाटेवर पडले ते उठलेच नाहीत. मी पोचले तेव्हा तोंडावर चादर होती.

त्यानंतरची खांदशेकणी. पहिलीच, बाबांशिवायची. मी तो बिनटोपणाचा पेन रुमालात गुंडाळून घेऊन गेले. म्हटलं आता तरी घेऊन जावा. आईनं सतरंजी अंथरली, भाऊ दिलीपनं तेल कोमट केलं, आणि तेल चोळायला कोणी बसेना. मग मीच बसले. वहिनीचं लाटणं चोळलं, दोन रव्या चोळल्या. पेन रुमालातून काढला तशी आई म्हणाली, "अवं थांब, तुहं टोपन हाय न मह्यापाशी."

ती आत गेली आणि बाबांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात ते मेणाचे तुकडे ठेवायचे. मेणाखालून तिनं एक टोपण काढून माझ्या हातावर ठेवलं.

मला वाटलं, बाबांना कसं तरी कळलं असेल आणि त्यांनी नवीन बनवून ठेवलं असेल. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. टोपण आणि पेन घेऊन न्हाणीत गेले. इतक्या वर्षांची शिस्त, वस्तू हातात आली की आधी साफ करायची. जुन्या टूथब्रशनं टोपणाचे आटे घासले तर आतून राखाडी बारीक वाळू निघाली. चिमूटभर असेल. नळ चालू होता, वाहून गेली. नंतर लक्षात आलं की मी पुरावाच धुऊन टाकला... वा रे विज्ञानाची बाई!

टोपण पुसलं आणि उजेडात धरलं. वरच्या कडेला खड्डा होता. मी दात लावून पाहिला, बसला. पेनावर फिरवलं तर शेवटच्या आट्याला गाठीचा डोळा जुळला. रेघेला रेघ, कुठे केसाइतकी फट नाही.

मी तिथेच पाटावर बसले. टोपण काढलं, परत फिरवून बसवलं. परत डोळा जुळला.

दिलीप म्हणाला, "बाबानं दुसरं बनवलं असंल वं ताई. त्याइले तुही खोडी मालूम होती. दात बी कोरला असंल." बनवता येईल, मान्य. दात कोरताही येईल. पण त्या गाठीचा दुसरा अर्धा भाग एकच होता, तो टोपणाबरोबर नदीत गेला. लाकडाच्या रेषा कोणी नवीन काढू शकत नाही, आणि हे दिलीपला माझ्यापेक्षा चांगलं कळतं, तो खरादीवर बसतो. पेन हातात घेऊन त्यानं पंधरा मिनिटं फिरवून फिरवून पाहिला आणि टोपण घट्ट फिरवून परत दिला.

संध्याकाळी मी मराठीच्या मॅडमना फोन केला. म्हटलं, आठवतं का, दर्यापूरला जाताना काय पडलं होतं? त्या लगेच म्हणाल्या, "तुमचं टोपण! पुलावर! दिवसभर तोंड पाडून बसला होतात." म्हणजे भास नाही, स्वप्न नाही. दोन साक्षीदार.

भूगोलही सांगते. पूर्णा पश्चिमेला वाहते, तापीकडे. आमच्या शेंदूरजनाघाटचं पाणी जातं वर्धा नदीला. त्या पुलापासून आमचं शेड शंभर किलोमीटरच्या वर असेल. कोणाला सापडलं, तर त्याला ते कोणाचं हे कसं कळणार? त्यावर नाव नव्हतं, गाव नव्हतं.

मग मी आईला विचारलं, बाबांना ते सापडलं कुठे? तर म्हणे, "शेडातच. भुसा झाडता झाडता खरादीखाली भेटलं. मले म्हने, आपल्या बाईचं टोपन हाय, आली का तिच्या हातात देजो. मी तिले काई इचारत नाई म्हनून सांगजो. मंग ते गेले न बाई, मी सारंच इसरली."

"कधी सापडलं?"

"तू आली नाईस त्या सालच्या खांदशेकनीले. सकायीच. तुले फोन केला तवा त्याइच्या हातातच व्हतं."

टोपण तिथे कसं आलं, हे मी आजही शोधतेय. वाळू असती तर कुठे तरी तपासून घेतली असती, पण ती मीच नळाखाली घालवली.  तुमच्यापैकी कोणाला यातली चूक सापडली तर जरूर लिहा, मी भांडणार नाही. पेन अजून रोज वापरते, पेपर त्यानंच तपासते, चावणं सोडलंय.

पण ते भुशात सापडलेलं टोपण मला तेवढं छळत नाही, जेवढा तो फोन छळतो. बाबांच्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात माझं टोपण. मी खोटं बोलत होते आणि त्यांना ते माहीत होतं. तरी ते ये म्हणाले. आणि मी म्हणाले, पाहते. एवढ्याशा टोपणापायी माझी बापाची शेवटची भेट गेली.

आता आईचा फोन आला, ये म्हणाली, की मी पाहते म्हणत नाही. येते म्हणते, आणि बॅग भरते.