पहिलं शील

मस्कतजवळ सीबला आमच्या शुक्रवारच्या बुद्धवंदनेत दादांचा आवाज सगळ्यांत खणखणीत. आमच्याच कंपनीचं गोदाम ते सांभाळतात. दुसऱ्या एका देशातल्या वसाहतीच्या स्वयंसेवी संरक्षण दलासाठी तिथल्या सरकारनं दिलेल्या रायफली आमच्या गोदामातून जाऊ लागल्या, तेव्हापासून पंचशील म्हणताना जीवहत्या न करण्याचं पहिलं शील आलं की ते गप्प राहतात. दुसऱ्यापासून पुन्हा खणखणीत.

मी विचारलं, “दादा, विसरता की काय?”

“नाही हो सर. पेट्या मीच चढवतो, मग कुठल्या तोंडानं म्हणू? मुलीचं कॉलेज होऊ दे, इन्शाल्ला, मग ही नोकरी खलास.”

त्या कामाला कंपनीतर्फे होकार मी दिला होता. हे त्यांना ठाऊक आहे.

पुढच्या शुक्रवारी ते थांबले, तेव्हा पहिलं शील म्हणणारा माझा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मी थांबलो नाही.