शिऱ्याआधी बिर्याणी: मॅट्रिक्सचा एक गुणाकार

“सर, पोरीला आर्ट्सला टाका. त्या गणितापायी धड जेवत न्हाई ती.”

सलीमभाई स्टाफरूमच्या दारातूनच बोलले. भोरमधले नावाजलेले आचारी. मागे त्यांची रेश्मा, माझ्या बारावीच्या वर्गातली. डोळे रडून लाल. मॅट्रिक्सच्या टेस्टमध्ये तिला भोपळा मिळाला होता. तिला व्हायचं होतं इंजिनिअर. गणित सोडलं की तो रस्ता बंद.

“अडतंय कुठं तुझं?” मी जरा खेकसलोच. स्वभावच तसा.

“सर, गुणाकारात पहिल्याची रो दुसऱ्याच्या कॉलमशीच का गुणायची?”

अरे वा! हे सहसा कुणी विचारत नाही. मी दोघांना बसवलं.

मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांची चौकट. आडवी ओळ ती रो, उभी ती कॉलम. एवढंच.

“सलीमभाई, रविवारच्या ऑर्डरी सांगा.”

“नसरापूरला वलीमा, लग्नाचं जेवण. शिऱ्याचं एक पातेलं, बिर्याणीची दोन. भोंगवलीला शिऱ्याची दोन, बिर्याणीचं एक.”

ही पहिली चौकट. गावं आडवी, पदार्थ उभे, त्यांनी सांगितले त्याच क्रमानं.

“आता एका पातेल्याला माल किती?”

“बिर्याणीला धा किलो तांदूळ. शिऱ्याला आठ किलो साखर.”

ही दुसरी. बिर्याणी वर, शिरा खाली. आधी तांदळाचा कॉलम, मग साखरेचा. जो माल लागत नाही तिथं शून्य. मी ऐटीत नसरापूरची रो तांदळाच्या कॉलमशी गुणली. एक गुणिले दहा, अधिक दोन गुणिले शून्य.

“तांदूळ दहा किलो!”

“दोन पातेल्यांना धाच किलो? पाव्हणं उपाशी लावून देऊ व्हय?”

मी पुन्हा गुणलं. गुणाकार बरोबर! च्यायला, मग चुकलं कुठं?

रेश्मा कागदावर वाकली. “सर, ताटात शिरा आधी पडतो, म्हणून ऑर्डरीत अब्बांनी तो आधी सांगितला. चुलीवर बिर्याणी आधी चढते, म्हणून माल सांगताना ती आधी. तुम्ही शिऱ्याचा आकडा बिर्याणीच्या तांदळाला गुणलाय.”

तिनं दुसऱ्या चौकटीतल्या ओळींची अदलाबदल केली. एक गुणिले शून्य, अधिक दोन गुणिले दहा. वीस किलो.

“म्हणजे रोमधला प्रत्येक पदार्थ कॉलममधल्या आपापल्या मालाशी गुणायचा, मग बेरीज! म्हणून रो आणि कॉलम!” भोंगवलीचा हिशेब तिनं स्वतःच केला. तांदूळ दहा, साखर सोळा.

सलीमभाई माझ्याकडे वळले. “सर, तुमची चूक हिनं काढली?”

“हो, काढली.”

“मग कशाला आर्ट्स न् बिर्ट्स? ऱ्हाऊ द्या हितंच.”

रेश्मा आज इंजिनिअरिंगला आहे. भेटली की माझे आभार मानते, आणि मला संकोच वाटतो. कारण पदरात जास्त माझ्याच पडलं. त्या बापलेकींमुळे मला हा धडा शिकवता यायला लागला, मनापासून सांगतो. आता वर्गात चौकट मांडली की आधी रो-कॉलमना नावं लिहायला लावतो. पोरं कुरकुरतात. कुरकुरू देत. गुणाकार बरोबर असूनही पाहुणे उपाशी राहू शकतात.