डबलशीट

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी आजवर जेवणाच्या सुट्टीत वाचत आले ते फक्त हसण्यासाठी. पांढरी साडी, वडाचं झाड, मागून आलेली हाक... मी मोठ्याने वाचायचे आणि माझी मैत्रीण वर्षा ठसका लागेपर्यंत हसायची. आम्ही दोघी नवीन जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीच्या लॅबमध्ये आहोत. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, ठरलेल्या दिवशी कागद उलगडायचा आणि किती उगवले ते मोजायचं, हे माझं काम. उगवलं तर उगवलं, नाही तर नाही. "उगवलं असेल बहुतेक" असा रकाना आमच्या फॉर्मवर नसतो. माझा स्वभावही तसाच आहे, घरचे त्याला आडमुठेपणा म्हणतात.

तेव्हा आता तुम्ही मला हसा, माझी काही हरकत नाही.

माझं नाव कावेरी, वय चौतीस. मला गाड्यांचं वेड आहे आणि ते वेड लावलं आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. आमची माणसं मूळची हसनाबादकडची, पिढ्यानपिढ्या मेंढरांमागे चालणारी. आप्पा पंचविशीपर्यंत मेंढरांमागे हिंडले, मग जालन्याला येऊन एका गोडाऊनवर वॉचमन झाले. त्यांनी एक जुनी शंभर सीसीची गाडी घेतली आणि मी कॉलेजात गेल्यावर मला शिकवली. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, पोरीच्या जातीला गाडी कशाला. आप्पांनी दुसऱ्या दिवशी माझ्या मागे डबलशीट बसून मुद्दाम त्याच गल्लीतून दोन चकरा मारल्या.

तंबाखूने तीन वर्षांपूर्वी त्यांचा गळा धरला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. दिवसभर "हुर्र, हुर्र" करत मेंढरं वळणाऱ्या माणसाचा आवाज! घरात ते पाटीवर लिहायचे. लहान मुलाची पाटी, दोरी बांधून गळ्यात अडकवलेली. पण गाडीवर मागे बसल्यावर पाटी मला दिसणार कशी? मग त्यांनी युक्ती काढली. उजव्या खांद्यावर एक थाप म्हणजे हळू. दोन थापा म्हणजे काढ पुढं. आणि पाठीच्या मधोमध सगळा तळहात टेकवला की थांब. मेंढका कळपाच्या मागेच चालतो आणि मागूनच सगळं सांगतो, त्यांना ते नवीन नव्हतं. मी चिडवायचे, "मी काय तुमचं मेंढरू आहे का?" तर लगेच दोन थापा.

आता मुख्य विषय. मला हायवेसाठी मोठी गाडी घ्यायची होती. साडेसहाशे सीसीच्या आसपासची स्पोर्ट बाईक. त्याहून लहान गाड्या शंभरच्या पुढे थरथरतात, त्याहून मोठ्या उन्हाळ्यात मांड्या भाजून काढतात. (समृद्धीवर आम्हा दुचाकीवाल्यांना जाऊ देत नाहीत, माहीत आहे मला. बाकी रस्ते काही वाईट नाहीत.) दोन वर्षं आप्पा आणि मी रोज जेवणं झाल्यावर मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ बघायचो. शेवटी दोन उरल्या. एक हिरवी — हँडल जरा वर, बसणं सरळ, मागे माणसाला नीट बसता येईल अशी सीट. दुसरी लाल — चार सिलेंडर, हँडल खाली, टाकीवर ओणवं व्हायचं, आणि आवाज असा की अंगावर काटा यावा. लालच्या मागच्या सीटवर मात्र पोळपाटसुद्धा मावला नसता. मला लालच हवी होती.

आप्पांनी तिचा फोटो बराच वेळ निरखला आणि पाटीवर लिहिलं, "माझी जागा?"

मी म्हणाले, "तुमच्यासाठी थोडीच घेतेय!"

चेष्टेत म्हणाले. तेही हसले. हातानेच पाटी पुसली आणि पुढचा व्हिडिओ लाव म्हणून खूण केली. हे वाक्य मला दिवसातून किती वेळा आठवतं ते सांगून उपयोग नाही.

त्यानंतर महिनाभराने आम्ही हसनाबादला भागूकाकाकडे, आप्पांच्या धाकट्या भावाकडे गेलो होतो. काकाच्या नातवाचं जावळ होतं. आदल्या संध्याकाळपासून आप्पांना कणकण होती आणि जालन्यात डॉक्टरांनी अकराची वेळ दिली होती, म्हणून सकाळीच निघालो; दाखवून झालं की जावळाला परत यायचं होतं. तीच जुनी गाडी, मी पुढे, आप्पा मागे. गावचा रस्ता राजूरच्या रस्त्याला मिळतो त्या फाट्यावर एक मोठा लिंब आहे. आप्पांच्या लहानपणी त्यांची मेंढरं तिथे दुपारची बसायची. आम्ही फाट्यावर पोहोचलो आणि माझ्या पाठीवर तळहात आला.

मी आजपर्यंत सगळ्यांना, आईलासुद्धा, सांगत आलेय की रस्ता खडबडीत होता, मला वाटलं आधारासाठी हात टेकवला असेल. खोटं आहे ते. मला बरोबर कळलं होतं. सगळा तळहात, पाठीच्या मधोमध. पण दहा वाजून गेले होते, आणि माझा आडमुठेपणा... मी मान वळवून ओरडले, "येताना, आप्पा! येताना थांबू."

तळहात आणखी थोडा वेळ तिथेच राहिला. मग निघाला.

त्याच दिवशी त्यांना ॲडमिट करून घेतलं. छातीत इन्फेक्शन पसरलं होतं. नाकातोंडात नळ्या, हाताला सुया, पाटी घरी राहिलेली. सहाव्या दिवशी गेले. येताना आलंच नाही.

आठ महिने मी गाडीचं नाव काढलं नाही. मग एके दिवशी आईच म्हणाली, "घे माय तुही गाडी. त्याह्यचा जीव त्याच्यातच होता." संभाजीनगरच्या एका शोरूमवाल्यांनी लाल गाडी दोन दिवसांसाठी डेमोला जालन्यात आणली होती. फेब्रुवारीतला शनिवार, सकाळचे दहा. गाडीसोबत आरिफभाई म्हणून पन्नाशीचे गृहस्थ होते. त्यांनी मला त्यांचंच जॅकेट घालायला दिलं — ते जाडजूड, पाठीला आतून कडक पॅड असलेलं. गाडीचे मागचे दोन्ही फूटरेस्ट त्यांनी बुटाने वर दुमडले आणि म्हणाले, "मॅडम, ही एकट्या मान्साची गाडी हाय. मागची शीट फकत कागदावर. डेमोला डबलशीट बिलकुल अलाउड न्हाई."

म्हटलं, नाही बसवत कोणाला.

भोकरदन रोडला लागले. गाडी काय सांगू! ऐंशीला रांगते, शंभरला जागी होते. एकशेदहाला गेले आणि उजव्या खांद्यावर एक थाप पडली.

जॅकेटचा पट्टा असेल. मी वेग कमी केला, पट्टे चाचपले, सगळे घट्ट होते. मनाशी म्हटलं, इतकी वर्षं सवय झालीय, डोकं आठवण काढतंय. राजूर मागे पडलं, पुढचा रस्ता मोकळा दिसला, तर त्याच खांद्यावर दोन थापा. काढ पुढं! मी हेल्मेटच्या आत हसले की रडले ते मला नीट सांगता येणार नाही, पण काच आतून धुरकट झाली. घाबरले मात्र नाही. आपल्या माणसाला काय घाबरायचं...

फाट्यावरचा लिंब लांबून दिसला तशी पाठ ताठ झाली. मला माहीत होतं. आणि आला. सगळा तळहात, पाठीच्या मधोमध, उबदार.

या वेळी थांबले. लिंबाखाली गाडी स्टँडवर लावली, उतरले, मागे वळून पाहिलं. सीट रिकामी होती. मागचे दोन्ही फूटरेस्ट खाली आलेले होते.

मी तिथे मुळावर बसून राहिले, अर्धा तास तरी. लांब शेतात हरभऱ्याची काढणी चालली होती, एक टेम्पो गेला, एक एसटी गेली. मी मोठ्याने विचारलं, "काय होतं आप्पा? काय करायचं होतं इथं?" काही झालं नाही. पानसुद्धा हललं नाही म्हणतात तसंही नाही, पानं आपली हलत होती, वारा होता. आरिफभाईंचे दोन फोन येऊन गेले. मग मी गाडीवर बसले, इंजिन चालू केलं आणि वाट बघत राहिले.

दोन थापांची. त्या आल्या नाहीत. इंजिन तापून पंखा सुरू झाला तरी मी तशीच बसून होते, आणि मग हळूहळू कळलं की मागे कोणी नाही. ते इथेच उतरले होते.

जालन्यात परतले तर आरिफभाईंनी आधी फूटरेस्ट पाहिले आणि मग माझ्याकडे. "मी सांगितलं होतं न मॅडम, डबलशीट न्हाई म्हणून." मी म्हटलं, माझे वडील होते. ते जरा नरमले, म्हणाले, वडील असले तरी नियम तो नियम. मी सॉरी म्हटलं.

आता मी लॅबवाली बाई, गप्प कशी बसणार? जाण्याआधी आरिफभाईंना विचारलं, फूटरेस्ट आपोआप पडतात का. त्यांनी पाडून बघायचा प्रयत्न केला, गाडी गदागदा हलवली, पडले नाहीत. मग ते जॅकेट पुन्हा मागून घेतलं आणि वर्षाला बोलावून माझ्या पाठीवर तळहात ठेवायला लावला. दहा वेळा ठेवला आणि ठेवला की मी सांगायचं. दहापैकी एकदाही मला कळलं नाही. त्या कडक पॅडमधून हात लागतच नाही. वर्षा त्या दिवसापासून सदर वाचताना हसत नाही.

पुढच्या रविवारी भागूकाकाला जाऊन सगळं सांगितलं, खोटं बोलले होते तेही. विचारलं, त्या दिवशी आप्पांना तिथे काय करायचं होतं? काही पुरलं होतं का, कुणाला भेटायचं होतं का, काही नवस होता का? काका तंबाखू मळत होता, काय वाटलं कोण जाणे, ती टाकून दिली.

"मला तर काई बोल्ला न्हाई," काका म्हणाला. "कंबर भरून आली आसंल, माय. खाली उतरून दोन पावलं चालावं वाटलं आसंल. दुसरं काय आस्तंय म्हाताऱ्या मान्साचं?"

काकाने समजूत घालायला म्हटलं. मला तेच सगळ्यात लागलं. नवस असता, पुरलेलं काही असतं, तर मी म्हटलं असतं की मोठी गोष्ट होती, वेळच नव्हता. दोन पावलं चालायला किती वेळ लागला असता?

मी हिरवी गाडी घेतली. सगळे विचारतात, लालचं एवढं वेड होतं, मग हिरवी का? मी सांगते, मनगटं दुखत नाहीत, हायवेला बरी. दोन्ही खरं आहे. मागे नीट बसता येईल अशी सीट आहे, हे मी सांगत नाही. दर रविवारी फाट्यावर जाऊन थांबते. मागचे फूटरेस्ट मीच खाली पाडते, उतरते, लिंबाखाली दोन पावलं चालते, पुन्हा बसते आणि इंजिन चालू करून खांद्यावर लक्ष ठेवते. अजून एकदाही काही जाणवलेलं नाही.

त्या शनिवारी पाठीवर आलेला हात कसा आला, हे मला सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला येत असेल तर जरूर लिहा, मी आता हसणार नाही. पण मला खरं तर त्याचं उत्तर नकोय. ते त्या सकाळी का थांब म्हणाले होते, एवढंच हवंय. ते सांगणारा एकच माणूस होता, त्याला आवाज नव्हता, त्याने हाताने सांगितलं, आणि मी म्हणाले, येताना.