यादीआधीची जर्सी

आर्वीच्या एसटी डेपोसमोरचे शिंपी अण्णाजी आयुष्यात कधी बास्केटबॉल खेळले नव्हते. तरी कॉलेजच्या मुलींच्या संघात कोण असणार, हे ते सरांच्या आधी सांगत. बारा वर्षं जर्सीची मापं घेत होते, अंदाज एकदाही चुकला नव्हता.

यंदा चौघी जुन्याच होत्या. पाचवी फर्स्ट इयरची येणार होती. अण्णाजींनी रोहणा गावची उंच वर्षाली हेरली आणि तिच्या नावाची जर्सी शिवायला घेतली.

"यादी तर लागू द्या," शेजारी सदऱ्याची काजं करता करता त्यांची बायको देवकाबाई म्हणाल्या.

"यादी मले इचारून लागते," अण्णाजी नवऱ्याच्या तोऱ्यात म्हणाले.

यादी लागली आणि दुकानात फर्स्ट इयरचीच बुटकी मयुरी येऊन उभी राहिली.

"काका, माही जर्सी?"

"तुही? काऊन, वर्षालीले काय झालं?"

"तिच्या हातातला बॉल मी सात खेपा हिसकून घेतला."

अण्णाजींनी तयार जर्सी तिच्या अंगाला लावली. ती गुडघ्यापर्यंत आली. देवकाबाईंनी तोंडाला पदर लावला.

अण्णाजींनी चष्मा चढवला आणि वर्षालीचं नाव उसवायला घेतलं.

"पुढच्या साली," ते म्हणाले, "एकेकीले डेपोभोवती पळवीन, मंगच टेप काढीन."