साध्या पाण्याच्या उंदरांचं बीपी

“ही पोट्टी माझ्या प्रोजेक्टमधून बाहेर!” देशकर सरांनी स्लाइडचा डबा माझ्या टेबलावर असा आदळला की त्याचं झाकणच उघडलं. “ताई, आधीच सांगून ठेवतो, मधात पडू नका.”

मधात पडू नका म्हटलं की मी पडतेच. मी जनावरांची डॉक्टर. सरकारी नोकरीत पॅथॉलॉजीत मुरले. पॅथॉलॉजी म्हणजे अवयवाचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघून त्याला काय झालंय ते सांगायचं. रिटायर झाल्यावर चौबे कॉलोनीतल्या घरी मटार सोलत बसण्यापेक्षा बरं, म्हणून इथल्या एका फार्मसी कॉलेजात स्लाइड वाचायला जाते. देशकर सर तिथले गाइड. मनानं सोनं, तोंडानं फटाक्यांची लड.

पोट्टी म्हणजे पल्लवी, त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी. ब्राह्मणपाऱ्यात राहते; पारा म्हणजे इथला मोहल्ला. मराठी सगळं समजतं, पण या हिंदी मुलखात वाढलेली, म्हणून उत्तर हिंदीत. दारात उभी होती, रडून डोळे लाल झालेले.

“केलं काय तिनं?”

“विचारा तिलेच.”

“मॅम, मैंने बॉटल नहीं बदली,” पल्लवी म्हणाली. “कसम से नहीं बदली.”

प्रकरण असं होतं. बीपी वाढलं की रक्तवाहिन्यांचं काय होतं, हे पल्लवी पांढऱ्या उंदरांवर बघत होती. एका गटाच्या पिण्याच्या पाण्यात एक औषध घातलेलं. त्यानं रक्तवाहिन्या सैल पडू शकत नाहीत आणि बीपी चढतं. दुसऱ्या गटाला साधं पाणी. याला कंट्रोल म्हणतात, तुलनेसाठी ठेवलेले निरोगी उंदीर. त्यांचं बीपी नॉर्मल राहायला हवं. पण इथे साधं पाणी पिणाऱ्यांचंही बीपी वर! सरांनी लगेच निकाल लावून टाकला: पोरीनं पिंजऱ्यांच्या बाटल्या इकडच्या तिकडे केल्या.

“अर्धे उंदीर तर कापून झाले,” सर म्हणाले. “आता फेका सगळी बॅच. नवी आणा, नवा स्टुडंट आणा. परीक्षकाले काय तोंड दाखवू मी?”

“बॅच म्हणजे काय भाजीची जुडी आहे, फेकली न् दुसरी आणली?” मी चिडलेच. जनावर प्रयोगात गेलं तर ते कारणी लागलं पाहिजे. नाही लागलं तर माझ्या घशाखाली घास उतरत नाही. आणि पोरीचं काय? तिचे बाबा उरला या कारखान्यांच्या भागातल्या रोलिंग मिलमध्ये शिफ्ट करतात. मुलगी डॉक्टर होणार म्हणून अख्ख्या पाऱ्याला सांगून बसलेत. निष्काळजी म्हणून काढलं असा शिक्का एकदा बसला, की दुसरा गाइड दारात उभं करत नाही. घरी तिनं अजून काही सांगितलंही नव्हतं.

“मले स्लाइड वाचू द्या,” मी म्हटलं. “बाटल्या बदलल्या असतील तर रक्तवाहिन्या सांगतील. तोवर तिले एक शब्द बोलायचा नाही.”

“वाचा. पण कोणती स्लाइड कोणत्या गटाची, ते मी सांगणार नाही.”

“सांगूच नका. सांगितलं तर मी वाचणार नाही.”

आमच्या कामात हे असंच असतं. स्लाइडवर नुसता नंबर. गट आधी कळला की डोळ्यांना हवं ते दिसायला लागतं.

धमनी म्हणजे नुसती नळी नव्हे. तिच्या भिंतीत स्नायूंचा थर असतो. तो गरजेप्रमाणे आवळतो, सैल पडतो. आत सारखाच जास्त दाब राहिला की बिचारी भिंत तो सोसायला हा थर वाढवते. भिंत जाड होते, आतली वाट अरुंद होते. मग त्यात चिवट तंतू भरतात आणि नळी ताठ होते. ताठ नळीत दाब आणखी चढतो. जीव वाचवायला केलेला उपाय शेवटी जिवावर येतो. उंदीर मात्र खाऊन-पिऊन मजेत असतो, त्याला पत्ताच नसतो. माणसांचंही तेच, म्हणून तर गोळ्या ड्रॉवरमध्ये पडून राहतात.

आणखी एक भानगड असते. मेल्यावर धमनी आकसते, आणि आकसलेली भिंतही जाड दिसते. म्हणून दाबानं फॉर्मलिन, म्हणजे अवयव टिकवायचं रसायन, आत सोडून ती फुललेली असतानाच पक्की करावी लागते. मी आधी तेच पाहिलं. सगळ्या धमन्या छान गोल, उघड्या. मनात म्हटलं, हे काम निष्काळजी हातांचं नाही.

जाड भिंतीच्या स्लाइड डावीकडे, पातळ उजवीकडे. एक तिरकी कापली गेली होती. गाजर तिरकं चिरलं की चकती मोठी दिसते, तसं तिरक्या कापात भिंत जाडच दिसते. ती बाजूला काढली. मग सरांना म्हटलं, आता सांगा.

सरांनी नंबर जुळवले. पुन्हा जुळवले. डावीकडचे सगळे औषधवाले, उजवीकडचे सगळे साध्या पाण्याचे. इकडचा एकही तिकडे नाही.

“म्हणजे बाटल्या नाही बदलल्या,” सर पुटपुटले. “मग कंट्रोलचं बीपी काहून वर आलं?”

“ते आता मशीनले विचारू. उरलेले उंदीर आहेत ना जिवंत?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः बीपीच्या खोलीत जाऊन बसले. सर मीटिंगमध्ये होते. उंदराला पारदर्शक नळीत बसवतात, शेपटी बाहेर ठेवतात, आणि आपण दंडाला बांधतो तसा छोटासा पट्टा शेपटीला लावतात. पल्लवीनं साध्या पाण्याचा उंदीर हलक्या हातानं आत बसवला. तो शांत बसला. रीडिंग नॉर्मल. पुन्हा घेतलं, नॉर्मल.

“मॅम, ये तो नॉर्मल है!” ती स्क्रीनकडे बघतच राहिली.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

“काय करून राहिल्या? किती आला? अगं, पट्टा सरकला पाहाय तो! नीट धर ना!”

नळीतला उंदीर वळवळायला लागला, नखांनी काच खरवडायला लागला. पल्लवी घाईघाईनं पट्टा पुन्हा पुन्हा चाचपायला लागली. रीडिंग चढलं. तेच जुनं, वरचं रीडिंग.

“सर, बाहेर जा.”

“मी? ताई, माझी लॅब आहे.”

“हव, तुमचीच आहे. पण जा.”

ते गेले. उंदीर निवांत होईपर्यंत आम्ही दोघी गप्प बसलो. पुन्हा रीडिंग घेतलं, नॉर्मल. मग सरांना आत बोलावलं आणि म्हटलं, “आता बोला. रोज बोलता तसं.”

त्यांनी स्क्रीन पाहिली. मग अगदी हळू म्हणाले, “पल्लवी, किती आला?”

“असं नाही. रोजच्यासारखं.”

तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. स्टूल ओढून बसले. “मोजायच्या दिवशी मी इथेच उभा राहतो, ताई. मागच्या पोट्ट्याच्या थीसिसले परीक्षकानं रीडिंगवरूनच झापलं होतं मले, सगळ्यांसमोर. म्हणून म्हटलं, या वेळी डोळ्यात तेल घालून पाहू.”

मला त्यांची दया आली. पण बोलायचं ते बोललेच.

“सर, भीतीनं बीपी चढते आणि उतरते. तेवढ्यानं धमनी जाड होत नाही. त्यासाठी दाब रोजचा लागतो. उंदरांले तुम्ही मोजायच्या दिवशीच भेटता, म्हणून वाचले बिचारे. ही पोट्टी तुमाले रोज भेटते.”

सरांनी पल्लवीच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “जेवली का तू काल?”

“नाही सर,” ती म्हणाली. मराठीत.

पुढे नवे उंदीर आणावे लागले नाहीत. उरलेल्यांना नळीत बसायची सवय लावली आणि बीपी पुन्हा मोजलं. जुनी रीडिंग का बाद केली, ते थीसिसमध्ये स्पष्ट लिहिलं. लिहिताना सर स्वतः शेजारी बसले होते. आता मोजायच्या दिवशी ते दाराबाहेर उभे राहतात आणि काचेतून नुसत्या हाताच्या खुणेनं विचारतात, किती? पल्लवी मान डोलावते.

कुणाचंही बीपी वर आलं, तर आधी खोलीत कोण उभं आहे ते बघावं. आणि ते आपणच असलो, तर हळूच दार लावून बाहेर जावं.