सुपातले फोटो

फोटोआत्याने फोटोसाठी कधी कुणाला ‘हस’ म्हटलं नाही. ती माणसाला अंगणात बसवायची, कॅमेरा गळ्यात अडकवायची आणि गप्पाच मारत राहायची. धान कसं झालं, नहराला पाणी सुटलं का, सून माहेराहून आली का. समोरचा कंटाळून जांभई द्यायचा, तळपायातला काटा काढायला लागायचा, कॅमेऱ्याला पार विसरायचा, तेव्हा कुठे तिचं बोट हलायचं. “मांडून ठेवलेलं तोंड मले कायले पाह्यजे?” म्हणायची. तिच्या फोटोत आपण देखणे दिसतो असं म्हणणारा एकही माणूस गावात नव्हता. तरी बोलावलं की सगळे येऊन बसायचे.

ती बाबांची धाकटी बहीण. नागपुरात चित्रकला शिकून आलेली, अर्जुनीच्या शाळेत चित्रकलेची बाई, आणि राहायला आमच्याकडे, इटियाडोह धरणाच्या नहराकाठच्या गावात. डिजिटल कॅमेरे आले तरी तिचं रीळ सुटलं नाही. उन्हाळ्यात धान साठवायची खोली रिकामी झाली की तीच तिची डार्करूम. दाराच्या फटीत पोती कोंबून आत शिरली की जेवायची शुद्ध नसायची आणि आई बाहेरून वैतागून हाका मारायची. तिच्या फोटोंना रसायनाचा आणि कोंड्याचा मिळून एक वास असायचा. अजून धानगिरणीजवळून जाताना त्यातला अर्धा वास येतो आणि मी उगाच थांबतो.

आमच्याकडे भिंतीवर एकट्या माणसाचा फोटो लागतो तो हार घालून, माणूस गेल्यावर. जिवंत माणसाला चौकटीत घालून खिळ्याला टांगणं म्हणजे त्याचं आयुष्य कमी करणं. आत्यासमोर सगळ्यात आधी बसला तो शेजारचा धोंडाबुढा, आणि त्याने बसण्याआधीच अट घातली. “बाई, फोटो काढ, पर भितीवर नोको टांगू. मी जित्ता आहो.” आत्याने शब्द दिला. मग तोच शब्द तिला सगळ्या गावाला द्यावा लागला. फोटो वाळले की ती ते पाखडायच्या सुपात घालायची आणि सूप पडवीत फिरायचं. लोक मांडी घालून बसायचे, एकेक फोटो हातात घ्यायचे, डोळ्यांजवळ न्यायचे. “माहा हात येवढा वाळला का वं बाई?” असं कुणी विचारलं की आत्या म्हणायची, “हात वाळला नाही, काम केलं त्यानं.”

तिची स्वतःची इच्छा मात्र एकच होती. आपले फोटो एकदा तरी शहरातल्या गॅलरीत लोकांनी पाहावेत. वर्षानुवर्षं ती फोटो पाठवायची आणि वर्षानुवर्षं नकार यायचे. “नाही म्हणून राहिले. म्हणू दे, त्यायच्या भिती, त्यायची मर्जी,” असं म्हणून ती चहात बिस्कीट बुडवायची. पण त्या दिवशी बिस्कीट चहातच राहून जायचं, हे मला दिसायचं.

शेवटी नागपूरच्या एका गॅलरीने होकार कळवला. आत्याने गावभर चिवडा वाटला. फोटो सुपातच मांडायचे हे तिने फोनवर बजावून सांगितलं होतं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी नव्या सुपांचा भारा एसटीच्या टपावर बांधून आम्ही दोघं निघालो. जाऊन पाहतो तर सगळे फोटो चौकटीत घालून, ओळीने भिंतीवर. गॅलरीवाल्या गृहस्थांना वाटलं होतं की सुपं सजावटीसाठी येणार आहेत.

खोटं कशाला बोलू, फार सुंदर दिसत होते. पांढरी भिंत, वरून दिवा, आणि जांभई देणारा धोंडाबुढा राजासारखा. आत्या त्याच्यासमोर कितीतरी वेळ उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, विरघळली. मग पदराने नाक पुसून म्हणाली, “उतरवा.”

“मॅडम, लोक काय खाली बसून फोटो बघणार आहेत?” ते गृहस्थ कळवळून म्हणाले.

“आमचे लोक दिवसभर वाकून धानाचा रोवणा करतात. यायले घडीभर बसता येत नाही का?”

दुसऱ्या दिवशी बरेच जण हात मागे बांधून उभ्या उभ्याच सुपांत पाहून गेले. काही बसले. एक बाई सूप मांडीवर घेऊन बसली, ती दिवे मालवेपर्यंत उठली नाही. गॅलरीने मात्र पुन्हा बोलावलं नाही, आणि दुसऱ्या कुणीही नाही.

परतीच्या बसमध्ये साकोली मागे पडली. आत्या खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “टांगलेच असते तर काय झालं असतं रे बाबू? बुढ्याले कोण सांगायले जाऊन राहिलं होतं?” मग स्वतःशीच पुटपुटली, “पर का शोभून राहिला होता बुढा!”

गावात पाय ठेवताच धोंडाबुढ्याने विचारलं, “टांगलं त नाही ना?”

“नाही जी,” आत्या म्हणाली. एवढंच.

बुढा अजून काठी टेकत फिरतो आणि त्याचं श्रेय त्या शब्दाला देतो. आत्या मात्र त्याच्याआधी गेली, फारशी म्हातारी न होता. साऱ्या गावाचे फोटो काढणाऱ्या बाईचा स्वतःचा फोटो एकच निघाला. कधीतरी बुढ्यानेच हौसेने कॅमेरा मागून तिचा काढलेला. कपाळ वरून कापलं गेलंय, पाय मात्र अगदी चपलांसकट आलेत, आणि ती बुढ्याला काहीतरी सांगताना पोट धरून हसते आहे.

बाबांनी चौकट आणली, पडवीच्या भिंतीत खिळाही ठोकला. फोटो अजून सुपात आहे. येणारा प्रत्येक जण तो हातात घेतो, डोळ्यांजवळ नेतो. मग तिच्याबद्दल काहीतरी बोलतो, आणि तेवढ्यासाठी मी वाट पाहत असतो.

“खिळ्याले जंग चढून राहिला,” आई म्हणते. “आता तरी टांग न बापा.”

“टांगतो ना,” मी म्हणतो. “घाई कायची आहे?”