पऱ्हाटीला रामराम

लग्न होऊन सासरी निघाले तेव्हा आईने मला दहा वेळा बजावलं होतं, सासऱ्यांसमोर पदर नाकाखाली आणि तोंड बंद. आमच्याकडची रीतच तशी होती. पदराचं मला जमलं. तोंडाचं काय होणार, याची माहेरी सगळ्यांनाच धास्ती होती, कारण जन्मल्यापासून मी सलग तासभर गप्प बसल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. पण सहा वर्षं मी मामंजींशी, म्हणजे माझ्या सासऱ्यांशी, एक अक्षर बोलले नाही. आतल्या आत इतकं साठलं होतं की कोठारातल्या ज्वारीलाही अशी दाटी झाली नसेल.

तापीकाठच्या आमच्या पंचक्रोशीत मोटार चालवायला शिकलेले पहिले शेतकरी म्हणजे मामंजी. त्यांची गाडी माझ्या नवऱ्याहून वयाने मोठी होती. वर कापडी टप, पुढे हँडल. हँडल मारताना ते उलटं फिरलं तर मनगट हळदीच्या लेपात आठवडाभर बांधून ठेवावं लागे. आणि एकदा ती सुरू झाली की आत बसलेल्यांनी खाणाखुणांवरच भागवायचं. मामंजींचा तिच्यावर फार जीव. गाय व्याली तरी गोठ्यात आधी गाडीला जागा, मग वासराला.

साठ सालानंतर कधीतरी माझे धाकटे दीर सुरतेहून एक लाल गाडी घेऊन आले. बुटकी, दोनच दारांची, पळायला वाऱ्यासारखी. या गाडीत चढायचं नसे, उतरायचं असे. मागे बसायला जागा म्हणाल तर स्वयंपाकघरातला एक पाट. तीत किल्ली फिरवली की हूं की चूं न करता इंजिन सुरू. सासूबाई अंगणात तिच्याभोवती एक फेरी मारून आल्या आणि दिरांना म्हणाल्या, "हाई गाडीवर हत्ती बठना व्हता का रे?"

छप्पर एकच होतं, त्यामुळे दोन्ही मुलांनी मामंजींना सांगितलं की आता एकच गाडी ठेवायची, कुठली ते तुम्ही ठरवा. बोलणं गोड होतं, पण पोटात वेगळंच होतं. मामंजींनी एकही चालवू नये, असं दोघांना वाटत होतं. सरकी काढायच्या कारखान्याच्या फाटकाला त्यांनी दोनदा गाडी घासली होती. मामंजींचं म्हणणं, फाटकच अरुंद आहे. ते फाटक गेली वीस वर्षं तेवढंच होतं.

शेवटी ठरलं ते असं. मामंजी दर बाजाराला खापरला जात, तिथे त्यांची थोरली बहीण राहायची. एक बाजार जुन्या गाडीने, पुढचा बाजार नव्या गाडीने जायचं आणि मग निवाडा द्यायचा. पण या दोन खेपांत काही घोटाळा झाला, तर किल्ली कायमची माझ्या नवऱ्याच्या कमरेला. मामंजींनी "बरं" म्हटलं आणि जेवता जेवता अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले.

सासूबाईंनी मला चुलीपाशी बोलावून घेतलं. "तू संगे जाय. त्यास्ले दिसस का नही, ते देख आन माले सांग." हेरगिरीला त्यांनी घरातलं एकुलतं मुकं माणूस निवडलं होतं.

पहिल्या बाजाराला जुनी गाडी धडधडत निघाली. मामंजी पुढे, मी मागे, पदर नाकाखाली. रस्ता त्यांच्या हातात बसला होता. कुठे खड्डा, कुठे वळण, सगळं त्यांना न बघता ठाऊक. मी म्हटलं, सासूबाईंना उगाच शंका. तळोदा मागे टाकल्यावर इंजिन तापलं म्हणून त्यांनी गाडी रस्त्याकडेला घेऊन बंद केली. तिथे बांधावर पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, पुरुषभर ढीग रचलेला होता आणि त्यावर कुणीतरी धुतलेला फेटा वाळत टाकला होता. मामंजींनी दोन्ही हात जोडले.

"रामराम भाऊ! यंदा कपाशी कशी शे?"

कपाशी कशी होती ते समोर दिसतच होतं. ढीग काही बोलला नाही. मामंजी थोडा वेळ थांबले, मग पुटपुटले, "लई घमेंड चढनी गडीले," आणि हँडल मारायला उतरले. मी पदराचा बोळा तोंडात कोंबून हसले. हसता हसता मला एकदम रडूच आलं. कारण खाली उतरताना त्यांचा हात गाडीच्या कडेवरून चाचपत चाचपत पुढे गेला होता.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, "छान चालवतात." माणुसकी म्हणून खोटं बोलले असं मला लिहिता आलं असतं. खरं सांगायचं तर खापरचा बाजार, आत्यासासूंच्या हातचा चहा आणि वाटेवरचा वारा, एवढी मोकळीक मला सहा वर्षांत पहिल्यांदाच मिळाली होती. मामंजींची किल्ली गेली की मीही उंबऱ्याच्या आत.

पुढच्या बाजाराला लाल गाडी. मी मागच्या पाटावर गुडघे हनुवटीला लावून बसले. माझे दोन्ही हात मामंजींच्या दोन्ही कानांशी. गाव सुटलं नाही तोच डावीकडून एक शेळी आडवी आली आणि भीतीने माझा उजवा हात उडाला. बांगड्या खळकन वाजल्या. जुन्या गाडीत त्या ऐकूही आल्या नसत्या. या गाडीत त्या भांड्यांची मांडणी कोसळावी तशा वाजल्या. मामंजींनी गाडी झटकन उजवीकडे घेतली. शेळी वाचली.

पुढे एक बैलगाडी दिसली. मी मुद्दाम उजव्या बांगड्या हलवल्या. गाडी उजवीकडे. बैलगाडी मागे पडल्यावर डाव्या हलवल्या. गाडी डावीकडे. दोन्ही हात हलवले, गाडी थांबली. मामंजी मागे वळले नाहीत, मी तोंड उघडलं नाही. रीत कुठेही मोडली नाही आणि आम्ही खापरला पोचलो. आत्यासासू म्हणाल्या की भाऊ आज खुशीत दिसतो. मीही खुशीतच होते. जाताना किती शहाणपणा केला, असं मला वाटत होतं.

परतताना बाजार फुटला होता. रस्ताभर माणसं आणि बैलगाड्या, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. एक बैलगाडी आमच्या अगदी शेजारून चालली होती आणि पुढे, रस्त्याच्या मधोमध, एक उघडं पोर धुळीत बसून माती खात होतं. मी दोन्ही हात हलवले. गाडी जातच राहिली. जिवाच्या आकांताने हलवले, दोन बांगड्या पिचल्या. घुंगरांपुढे त्यांचं काय चालणार?

"मामंजी, थांबा! पोर!"

चाकं करकरली. पोर आणि गाडी यांत हातभर अंतर राहिलं होतं. त्याची आई धावत आली, पोराला पाठीत एक धपाटा घातला, आम्हाला भिल्लीत बरंच काही सुनावलं आणि निघून गेली. मामंजींनी हातातल्या चाकावर डोकं टेकवलं. मग म्हणाले,

"तुले बोलता येस?"

मी पदर पुन्हा नाकाखाली ओढला.

"आते काय लाजस? माले दिसत नही, हाई तुले कव्हय समजनं?"

"त्या रामरामले," मी म्हटलं. "पऱ्हाटी व्हती ती."

ते इतके हसले की धोतराच्या सोग्याने डोळे पुसावे लागले. पुसणं लवकर संपलं नाही. मग म्हणाले, "आज जुनी गाडीमा ऱ्हातूत, तं तुन्ही हाकबी माले आयकू नही येती." ते दार उघडून खाली उतरले, गाडीवर हात ठेवत ठेवत पलीकडे आले आणि शेजारच्या जागेवर बसले. "चाल, पुढे बठ."

"माले येत नही!"

"आन माले दिसत नही. दोन्ही मियीसन एक डायवर व्हई."

कुठला पाय कुठे आणि कुठला हात कुठे, हे ते डोळे मिटून सांगत होते. त्या दिवशी मी सुरतेहून आलेली वाऱ्यासारखी गाडी पहिल्या गिअरमध्ये गावापर्यंत आणली. वाटेत तीन बैलगाड्या आम्हाला ओलांडून गेल्या. तिसऱ्या गाडीवानाने तर विचारलं, दोर बांधून ओढू का?

अंगणात सगळे उभे होते. सून चाकावर बघून सासूबाई मटकन ओट्यावर बसल्या. मामंजी उतरले आणि जराही आवाज न चढवता म्हणाले, "माले दिसत नही. दोन वरीस व्हयनात. लाल गाडी ऱ्हाऊ द्या. सून शिकी ऱ्हायनी."

आमच्या यांचा चेहरा पडला. यांना वडिलांची किल्ली हवी होती, ती मिळालीही, पण बायकोच्या हातात. दिरांनी विचारलं, "पण आबा, जुनी का नको? जीव आहे तुमचा तिच्यावर."

"जुनीनं हँडल मारी तं तिन्या बांगड्या फुटतीन," मामंजी म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

म्हाताऱ्याला म्हातारचळ लागला, लाल रंगाला भुलला, असं गाव वर्षभर म्हणत होतं. जुनी गाडी गेली त्या दिवशी मामंजी मळ्यातून संध्याकाळपर्यंत परतले नाहीत. तिचं हँडल मात्र त्यांनी ठेवून घेतलं होतं. ते त्यांच्या उशाशी खुंटीला टांगलेलं असायचं.

त्यानंतर मी त्यांना दर बाजाराला खापरला न्यायची. पदर डोक्यावर, नाकाखाली नाही. त्याने रस्ता दिसत नाही. सहा वर्षांचं साठलेलं मी त्या वाटेवर सगळं बोलून घेतलं. मामंजी एकदा म्हणाले, जुन्या गाडीत आवाज होता तेच बरं होतं. त्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं, पण तळोदा मागे पडलं की कुठे आलो ते त्यांना गाडीच्या हेलकाव्यावरून समजायचं. ते हात जोडायचे.

"रामराम भाऊ! कोन शे आठे?"

"कोणी नाही, मामंजी. पऱ्हाटी."

"घालू दे रामराम," ते म्हणायचे. "तिनी कोनले सांगं नही."